सव्वीस वाफ्यांचं गिऱ्हाईक

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वन्सं,

तर गाडीतून पहिलं उतरलं ते पोट. त्याच्या मागून, जरा वेळाने, पोटाचे मालक उतरले. मग लांब टेप घेतलेला एक वाळका माणूस, आणि शेवटी तिसरा, जो दिसेल त्याला 'वा, वा' म्हणत होता. रोपं बघून वा, झारी बघून वा, आमचं कुत्रं अंगावर धावून गेलं तर त्यालाही वा. मायना, तब्येतीची चौकशी वगैरे शेवटी लिहीन. आधी हे ऐका, नाहीतर माझ्या पोटात राहायचं नाही.

फोन का नाही केला म्हणाल. फोन केला की तुमची सून तो स्पीकरवर टाकते आणि तुम्ही 'हो का, छान छान' म्हणून तिसऱ्या माणसासारख्या बोलायला लागता. त्यापेक्षा कागद बरा. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. दुसरीत शाळा सुटली ती सुटली, पुढचं सगळं बियाणांच्या पाकिटांवरून शिकले. तुम्ही सातवी पास, चुका काढत वाचा, वेळ जाईल.

तर रोपवाटिकेचं सांगत होते. तुमचा तो दगडांचा तुकडा हो. तुमच्या वडिलांनी तुमच्या नावावर केलेला, आणि बारा वर्षांपूर्वी तुम्ही नाक मुरडून म्हणाला होतात, "वहिनी, घे तुला काय करायचं ते कर, तिथे गवतसुद्धा उगवत नाही." केवढं मन तुमचं मोठं! आम्ही नऊ बायकांनी एक वर्ष नुसते दगड वेचले. आता तिथे हिरव्या जाळीखाली सव्वीस वाफे आहेत. मिरची, टोमॅटो, कोबी, आणि हळूबाईची कलमी वांगी. हळूबाई आठवते ना? तिला पाणी आण म्हटलं तर तहान विसरून जाईपर्यंत येत नाही ती. पण जंगली वांग्याच्या खोडावर चांगल्या वांग्याचा शेंडा तिच्याइतका कुणी बसवत नाही. शंभरातली पाचसुद्धा मरत नाहीत तिची.

आणि आमची चिंधीची रीत तुम्हाला माहीतच आहे. माहीत नसेल, कारण बारा वर्षांत तुम्ही दोनदा आलात आणि दोन्ही वेळा चप्पल खराब होईल म्हणून फाटकाशीच उभ्या राहिलात. तर रीत अशी. सुरुवातीला आमच्यात नाव वाचता येणारी एकही नव्हती. म्हणून ज्याला वाफा धरायचा असेल त्याने आपल्या घरची चिंधी काठीला बांधून आपल्या हाताने वाफ्याशी रोवायची. कुणाच्या उशीच्या अभ्र्याची, कुणाच्या जुन्या शर्टाची. चिंधी रोवली की तो वाफा त्याचा. रोपं तयार झाली की त्यानेच येऊन चिंधी उपटायची आणि माल न्यायचा. दुसऱ्याच्या चिंधीला हात लावायचा नाही, अगदी आम्हीसुद्धा नाही. बारा वर्षांत एकदाही भांडण नाही. नाव लिहून ठेवणाऱ्या लोकांना विचारा बरं त्यांची किती झाली ते.

तर हे तिघे. मी म्हटलं, "या, कुठला वाफा धरताय?" पोटवाल्यांनी हात असा गोल फिरवला, या फाटकापासून त्या विहिरीपर्यंत. आणि टेपवाल्याने गाडीतून लोखंडी खुंट्या काढल्या. प्रत्येकीला लाल कापड, नवं कोरं! आमच्या नऊजणींतल्या शिंपिणीने बोटांत धरून बघितलं, म्हणाली, "आजी, पडद्याचं कापड आहे हे. चिंध्या म्हणून असलं वापरतात म्हणजे घरी काय असेल!" टेपने मोजून मोजून त्यांनी खुंट्या ठोकल्या. मी उभं राहून मोजल्या, सव्वीस. एकूण एक वाफ्याला एक!

वन्सं, एका दिवसात सगळी रोपवाटिका धरली गेली. मी त्यांना चहा दिला. पोटवाल्यांनी तीन कप घेतले. 'कधी नेणार' विचारलं तर म्हणाले, महिनाभराने येतो. रोपं तेव्हाच तयार होतात. याला म्हणतात जाणकार गिऱ्हाईक.

नेहमीच्या लोकांना आजपासून परत पाठवतेय. काय करणार, चिंधी ती चिंधी.

तुमची तब्येत बरी असेलच. तुमची भावजय.


मंगळवार, १० फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. वाचायला अर्धा दिवस गेला, त्यातला बराचसा अक्षर लावण्यात. मुंग्यांची रांग म्हणालीस ते खोटं आहे, मुंग्या ओळीत चालतात.

माझी तब्येत उत्तम. लेकाच्या घरी सुखाला तोटा नाही. माझ्यासाठी अख्खी खोली आहे, त्यात फक्त इस्त्रीचं टेबल, सुनेची व्यायामाची सायकल आणि नातवाचे जुने खोके आहेत. मी आणि सायकल दोघी भिंतीकडे तोंड करून असतो. खिडकी नाही, त्यामुळे धूळ येत नाही, असं सून म्हणते. तू पाठवलेलं मिरचीचं रोप स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर आहे. त्याला माझ्यापेक्षा जास्त ऊन मिळतं.

लेक तर हल्ली इतकी माया करतो की मलाच भीती वाटते. परवा नवा चष्मा करून आणला. म्हणाला, "आई, तुला वाचताना त्रास नको." मी गेल्या सहा वर्षांत वर्तमानपत्राचा एक कोपरासुद्धा मागितला नव्हता, पण आईची काळजी ती काळजी.

तुझ्या त्या गिऱ्हाइकांबद्दल. त्या खुंट्या नक्की कशा ठोकल्या? कडेकडेने की मधूनही? टेपवाल्याने कागदावर काही लिहून घेतलं का? त्यांनी आगाऊ काही दिलं का? सहज विचारते.

आणि नेहमीच्या लोकांना परत पाठवू नकोस. तू फार भोळी आहेस, वहिनी. गाडीतून उतरणारं प्रत्येक पोट गिऱ्हाइकाचं नसतं.

तुझी वन्सं.


रविवार, १५ फेब्रुवारी

वन्सं,

नाकाला मिरच्या झोंबल्या वाटतं, त्याही आमच्याच वाफ्यातल्या! मी भोळी. हो बाई. भोळी म्हणूनच दगडात कोबी काढते. शहाणी असते तर सायकलशेजारी भिंतीकडे तोंड करून बसले असते.

खुंट्या कडेनेही ठोकल्या आणि मधूनही. टेपवाल्याने कागदावर चौकोन काढले, मग त्या चौकोनात आणखी चौकोन. शिस्तीचा माणूस. आगाऊ काही दिलं नाही. आपल्याकडे चिंधीच आगाऊ असते हे तुम्हाला आता किती वेळा सांगू?

तुमचं बघून वाईट वाटतं हो, खरंच. आपली जमीन आपल्याला ओळखता येऊ नये इतकी चांगली झाली की माणसाला असं होतं. पण ऐकाच, म्हणजे आणखी झोंबेल. शिंपिणीच्या घरावर पत्रा होता, आता स्लॅब आहे. ती मुद्दाम पावसात बाहेर येऊन वर बघते, मग आत जाते. दूधवालीची मुलगी नर्सिंगला गेली. हळूबाईने स्कूटर घेतली, वन्सं, हळूबाईने! चालवते इतकी सावकाश की कुत्री मागे लागतात आणि कंटाळून पुढे निघून जातात. आणि माझी नात, जिला तुम्ही 'काळी ती ना?' म्हणून ओळखता, ती आता आठवड्याचा बाजार एकटी सांभाळते. भाजी आमचीच, आणि भाव तीच सांगते. आधी व्यापारी भाव सांगायचे आणि आम्ही मान हलवायचो. आता आम्ही सांगतो आणि मान ते हलवतात. आडवी हलवतात आधी, मग उभी.

रोपं झकास आहेत. मिरचीला पाचवं पान आलं. काल कोबीवाला आला होता, तोच तो, बारा वर्षांपासूनचा. त्याची फिक्या निळ्या अभ्र्याची चिंधी हातातच होती. मी म्हटलं, "दादा, एकही वाफा मोकळा नाही." तो सगळ्या लाल चिंध्या बघत उभा राहिला. "मग मी या वर्षी काय लावू, आजी?" म्हणाला. मी म्हटलं, "ते पोटवाले साहेब आले की त्यांच्याकडे माग, सगळा माल त्यांचा." असे आतापर्यंत एकोणीस जण परत गेले. सगळ्यांना तेच सांगितलंय.

रोज उठून रस्त्याकडे बघते, खोटं कशाला बोलू. पोटवाले आले नाहीत तर ही रोपं आठवडाभरात उंच होऊन मान टाकतील. वाढलेलं रोप कुणी घेत नाही. पण येतील. नवं कापड कुणी उगाच लावत नाही.

पाकिटात तुम्हाला टोमॅटोचं बी घालतेय. सायकलच्या सीटवर लावा.

तुमची भोळी.


शनिवार, २१ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र नीट वाच, आणि वाचताना बस.

ते गिऱ्हाईक नाहीत. माझ्या लेकाची माणसं आहेत. त्याला तो तुकडा विकायचा आहे. रस्त्याला लागून आहे ना, तिथे मोठं गोदाम उभं राहणार. पोटवाले म्हणजे घेणारे, टेपवाला मोजणी करणारा, आणि 'वा वा' करणारा बहुधा त्यांचा मेहुणा. खुंट्या जमिनीच्या मोजणीच्या आहेत. त्यांनी तुझे वाफे धरलेले नाहीत, खालची जमीन धरली आहे. तुला वाटलं तसं ते कापड त्यांनी मोकळ्या मनाने लावलं नव्हतं.

मला तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच माहीत होतं. सांगितलं नाही.

का ते आता सांगते, हसायचं असेल तर हास. लेकाने नवीन घर बघितलंय. त्यात माझी वेगळी खोली, आणि खोलीला खिडकी. त्याने नकाशा दाखवला, खिडकीच्या जागी दोन रेघा होत्या. मी त्या दोन रेघांकडे आठवडाभर बघत होते. तुझ्या आणि त्या आठ बायकांच्या बारा वर्षांकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. सातवी पास माणसाला कागदावरच्या रेघा फार दिसतात.

सह्या तीन ठिकाणी हव्यात. दोन मी केल्या.

तिसरीच्या दिवशी सकाळी तुझं हळूबाईच्या स्कूटरचं पत्र आलं. दुपारी लेकाने कागद समोर ठेवला. मी म्हटलं, "बाळा, अक्षरं हलतायत रे. या चष्म्यात काहीतरी चूक आहे." त्याने चडफडत दुसरा करून आणला. मी म्हटलं, आता अक्षरं स्थिर आहेत, पण दोन-दोन दिसतात, चुकून दोनदा सही झाली तर? आता तिसरा चष्मा करायला टाकलाय. चष्मेवाला म्हणे, "आजींचे डोळे ठणठणीत आहेत, मला कळतच नाही." मला कळतं, पण त्याला कसं सांगू!

असं किती दिवस चालणार? नाही म्हणायला हवं, ते मला त्याच्या तोंडावर जमत नाही. त्याच्या घरात राहते, त्याचं खाते. नाही म्हणून मग कुठे जाऊ?

तू मला हवं ते बोल. तुझा हक्क आहे.

वन्सं.


गुरुवार, २६ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र वाचलं. बसूनच वाचलं. मग उठले आणि सव्वीस वाफ्यांना पाणी घातलं, कारण तुमच्या लेकाने जमीन विकली तरी आज दुपारी रोपांना तहान लागायची ती लागणारच.

मग आठही जणींना बोलावून वाचून दाखवलं. तुम्हाला आवडणार नाही, पण जमीन तुमची असली तरी दगड त्यांनी वेचलेत. शिंपीण तुम्हाला जे बोलली ते मला लिहिता येत नाही, बियाणांच्या पाकिटावर तसले शब्द छापत नाहीत. दूधवाली रडली. माझी नात म्हणाली, "आत्याआजींच्या दोनच सह्या झाल्यात ना? मग अजून एक बाकी आहे." ती जिला तुम्ही काळी ती म्हणता, ती. हळूबाईचं नेहमीचंच. बऱ्याच वेळाने, सगळ्या उठायला लागल्या तेव्हा तिचं बोलणं पोचलं. म्हणाली, "पण चिंधी रोवलीय ना त्यांनी?"

उठलेल्या आम्ही सगळ्या पुन्हा खाली बसलो.

म्हणजे बघा. ते कुणाची माणसं, कशासाठी आले, आम्हाला काय माहीत! आम्ही अडाणी बायका. त्यांनी आमच्या रोपवाटिकेत येऊन, आमचा चहा पिऊन, आपल्या हाताने सव्वीस चिंध्या रोवल्या. माल त्यांचा. माल तयार आहे. ते येतील तेव्हा त्यांच्या स्वाधीन करू. आमच्यात दिलेला शब्द मोडत नाहीत. यात कुणाला काही चुकीचं दिसत असेल तर त्याने चष्मा बदलावा.

आता तुमचं. मी तुम्हाला सही करू नका असं म्हणणार नाही. जमीन तुमची, हात तुमचा, चष्मे तर तुमचे तीन आहेत. पण तुम्ही विचारलंत, कुठे जाऊ. ते लिहिताना तुमचं अक्षर हललं. तेव्हा चष्म्याची चूक नव्हती.

फाटकाशी ती बी ठेवायची खोली आहे, तुम्ही दोनदा बाहेरून बघितलीत. एक कॉट मावते. भिंतीला ओल नाही. तिला खिडकी आहे, वन्सं, रेघांची नाही, लोखंडी गजांची. उजाडलं की ऊन थेट आत. खिडकीतून रस्ता दिसतो आणि अर्धे वाफे दिसतात. गिऱ्हाईक तिथेच येऊन उभं राहतं. आणि आमची एक अडचण आहे, ती कुणाला सांगायची नाही. गिऱ्हाइकं इतकी झालीत की चिंध्यांचे रंग संपलेत. या लाल चिंध्यांच्या आधी दोन सारख्याच पिवळ्या चिंध्या आल्या, बारा वर्षांत पहिल्यांदा भांडण होता होता राहिलं. आता कुणीतरी त्या खिडकीत बसून नावं लिहायला हवीत. नीट, ओळीत. मुंग्यांसारखं नको. सातवी पास कुणी तुमच्या माहितीत असेल तर कळवा. स्वभावाने खवचट असली तरी चालेल, उधार मागणारे लगेच परत जातील. कामाचा वाटा नऊजणींसारखाच.

तुमच्याच जमिनीवरची खोली मी तुम्हाला देऊ करतेय. बघा किती मन मोठं माझं. घरातल्यांकडूनच शिकले.

पाकिटात एक चिंधी घातली आहे. तुम्ही लग्न होऊन गेलात तेव्हा मागे राहिलेल्या तुमच्या हिरव्या परकराची आहे. मी इतकी वर्षं त्याने कंदिलाच्या काचा पुसल्या, म्हणून थोडी काळी आहे.

भावजय.


सोमवार, २ मार्च

वहिनी,

चिंधी मिळाली. माझा नवा परकर होता तो. मी दोन वर्षं शोधत होते. चोर.

तिसरा चष्मा आला. याने सगळं स्पष्ट दिसतं. तिसरा कागद उशीखाली आहे, कोरा आहे आणि कोराच राहील. पहिल्या दोन सह्यांनी काही होत नाही, तिन्ही लागतात, हे मी चष्मेवाल्याच्या शेजारच्या वकिलाला विचारून घेतलं. लेकाला वाटलं मी डोळे तपासतेय.

त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगायचंच आहे, पण त्याच्या घरात उभं राहून नाही.

तुमच्याकडे यायला सकाळची बस कितीची असते?

वन्सं.


गुरुवार, ५ मार्च

वन्सं,

आज पण पहिलं पोटच उतरलं! पण आज त्याला उतरायला जागा नव्हती. सकाळपासून फाटकाशी बावीस जण येऊन थांबले होते. परत पाठवलेले एकोणीस आणि त्यांचं ऐकून आलेले तीन. मी बोलावलं नव्हतं हो, शपथ. बाजारात माझ्या नातीने सहज कानावर घातलं असेल की लाल चिंधीवाले साहेब आज माल उचलायला येणार आहेत. तिच्या तोंडात काही राहत नाही, घरातल्या मोठ्यांवर गेलीय.

पोटवाले उतरले, टेपवाले उतरले, वा-वा उतरले आणि एवढी माणसं बघून त्यांचं वा घशातच राहिलं. मी पुढे झाले. "या साहेब, तुमचा माल तयार आहे!" आणि आम्ही नऊजणी एकेक ट्रे घेऊन गाडीशी उभ्या. शिंपिणीने डिकी उघडायला लावली, दोन ट्रे आत ठेवलेसुद्धा.

"हे काय आहे?" पोटवाले म्हणाले.

"मिरची. नंतर कोबी देते. अजून चोवीस वाफे आहेत, गाडीच्या किती खेपा कराल?"

"अहो बाई, मी रोपं कुठे घेतली? आम्ही जमीन मोजली!"

मी कानाला हात लावला. "जमिनीचं आम्हा बायकांना काय कळतं साहेब. ही चिंधी कुणाची?"

"आमची. पण..."

"कुणी रोवली?"

त्यांनी टेपवाल्याकडे बघितलं. टेपवाल्याने टेपकडे बघितलं.

तेवढ्यात कोबीवाला पुढे आला. "साहेब, सगळा माल तुमचा आहे म्हणे. मला दोन वाफे सोडा, माझी जमीन नांगरून पडलीय." मग दुसरा. मग सगळेच. "मला टोमॅटो सोडा." "साहेब, वांगी, निदान अर्धा वाफा!" पोटवाल्यांना चारी बाजूंनी घेरलं. ते ओरडायला लागले, "माझं काही नाही हो यात! घ्या, सगळं घ्या!"

"असं तोंडाने नाही चालत," मी म्हटलं. "ज्याने रोवली त्यानेच उपटायची. आमच्या इथे दुसऱ्याच्या चिंधीला कुणी हात लावत नाही. विचारा कुणालाही."

बावीस जणांनी माना हलवल्या. उभ्या.

वन्सं, तुम्ही इथे हव्या होतात. अकराचं ऊन, आणि पोटवाले वाकताहेत. आधी टेपवाला उपटत होता, पण पोटाचे मालक समोर असताना एकटा चाकर कसा चालेल, लोक ऐकेनात. लोखंडी खुंटी, महिनाभर पाणी पिऊन घट्ट बसलेली. एकेकीला दोन-दोन हात. एक खुंटी निघाली की ज्याला तो वाफा हवा तो त्यावर आपली चिंधी रोवायचा आणि पोटवाल्यांना 'उपकार झाले साहेब' म्हणायचा. सव्वीसच्या सव्वीस त्यांनी आपल्या हाताने उपटल्या. टेपवाला रडवेला झाला होता, म्हणत होता, "सगळी मोजणी गेली, परत करावी लागणार." वा-वा मात्र सावलीत बसून हळूबाईच्या कलमांचं कौतुक करत होते. शेवटी त्यांनी एक वांग्याचं रोप मागून घेतलं. दिलं. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

दुपारपर्यंत एकही ट्रे उरला नाही. एकही रोप वाया गेलं नाही. हळूबाई म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "हो." ती संध्याकाळी हसली.

घाम पुसत पोटवाल्यांनी गाडीतूनच तुमच्या लेकाला फोन लावला. काय बोलले ते ऐकू आलं, कारण सगळी गल्ली ऐकू शकेल असंच बोलत होते. "तुमच्या आईंना घेऊनच या! मालकीण समोर उभी राहिल्याशिवाय मी या बायकांच्यात पाऊल ठेवणार नाही!" मालकीण समोर हवी म्हणतात. किती रास्त मागणी.

खोली मी स्वतः झाडली. कॉट घातली. शिंपीण म्हणतेय, आधी बाईंनी माझ्या तोंडावर माफी मागायची, मगच बोलेन. म्हणतेय आणि त्या लाल कापडाचा खिडकीला पडदा शिवतेय. खुंट्या गोळा करून ठेवल्यात, वेलींना होतील. तुमचं टेबल म्हणून सध्या दोन ट्रे उलटे घातलेत. मिरचीचं रोप कट्ट्यावरून उचलून घेऊन या, सायकलला द्या माझा निरोप.

येताना तिन्ही चष्मे आणा. आणि ती हिरवी चिंधी. कुठे रोवायची ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही कुणीही हात लावणार नाही. लेकाला जे सांगायचंय ते खिडकीत बसून सांगा, गजांच्या आतून. त्याला बाहेर रांगेत उभं राहावं लागेल, पण नाव लिहून घ्यायला विसरू नका.

पहिली बस फाटकाशी साडेनवाला थांबते. पाहुणे परत येतो म्हणालेत बुधवारी, अकरा तारखेला, अकरा वाजता.